कॅम्परला जागा असलेलं घर

उत्तराचा नवरा अंबरीश वाईट माणूस नाही. हे आधीच सांगते, कारण पुढे मी त्याच्यावर चिडणार आहे.

उत्तरा या देशात आली तेव्हा तिच्या व्हिसावर डिपेंडंट असं लिहिलेलं होतं. अंबरीशची आइंडहोव्हनला चिप बनवायच्या यंत्रांची नोकरी, पुढे लायडनला बदली, ही मागोमाग. चौदा वर्षं तिने डबे भरले, डच शिकली, आम्हा सगळ्या मैत्रिणींचे ब्लाऊज शिवले, तेही फुकट. मग एक दिवस शिलकीतल्या पैशांनी तिने एक जुना कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, घेतला. आतला पलंग काढून शिलाईची दोन यंत्रं बसवली, मागे पडदा लावून कपडे बदलायला जागा केली आणि गावोगावच्या आठवडी बाजारात उभी राहू लागली. पँटची उंची कमी करायला इथले लोक काय पैसे मोजतात ते तुम्हाला सांगून पटायचं नाही. अडीच वर्षांत बाईला मान वर करून बोलताना पाहिलं आणि माझ्या पोटात आनंद मावेना.

अडचण एकच. इथे रस्त्यावर कॅम्पर फार दिवस उभा ठेवू देत नाहीत. दोन-तीन दिवस झाले की खेमेंते, म्हणजे नगरपालिका, काचेवर चिठ्ठी चिकटवून जाते. म्हणून गाडी गावाबाहेर एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये असायची. या वर्षी त्याने शेड विकायला काढली आणि ऑक्टोबरअखेर रिकामी करा म्हणून सांगितलं. दुसरी शेड मिळेना. स्वतःच्या आवारात गाडी उभी करता येईल असं घर मिळालं तरच धंदा राहणार, नाहीतर गाडी विकायची.

आणि घर मिळालं! लायडनपासून थोडं पुढे, खेड्यात, ओळीतलं कोपऱ्याचं घर. बाजूला फरशी घातलेली लांब पट्टी, पुढे रुंद फाटक. तिथे म्हाताऱ्या मालकांची होडी हिवाळाभर उभी असायची. उत्तराने कपडे मोजायच्या टेपने फाटक मोजलं, तेव्हा मालकीणबाई इतक्या हसल्या की कॉफीचा दुसरा कप मिळाला. इथे दुसरा कप सहजासहजी मिळत नाही. चार जणांच्या बोलीतून त्यांनी हिचीच निवडली.

आता फक्त सही राहिली होती. इथे तोंडी होकाराला काही किंमत नाही. कागदावर सही होईपर्यंत मालक कधीही फिरू शकतो. आणि नेमका तेव्हाच अंबरीशला पितृपक्ष आठवला.

"आईला चालणार नाही," तो म्हणाला. "घटस्थापनेनंतर सही करू. थोडेच तर दिवस आहेत."

मालकांच्या दलालाने विचारलं, घरात कोणी वारलंय का? अंबरीशने सांगितलं, हो, सगळे पूर्वज. मला हसू आलं, पण उत्तरा हसली नाही. सासूचं मन मोडायचं नाही म्हणून गप्प बसली. आम्हा बायकांचं हे असंच. हातातोंडाशी आलेला घास घरातल्या थोरांच्या नावावर ठेवून मोकळ्या.

व्हायचं तेच झालं. त्या शुक्रवारी मी ब्लाऊज मापाला घालून तिच्या दिवाणखान्यात उभी होते, पाठीत टाचण्या, आणि दलालाचा फोन आला. आणखी एका कुटुंबाने जास्त बोली दिली होती. मालकीणबाईंचा अजून उत्तरावर जीव होता, पण त्यांचा मुलगा ऐकत नव्हता. उद्या दुपारपर्यंत सही, नाहीतर घर गेलं.

 उत्तराने सरळ सांगलीला सासूबाईंना फोन लावला, स्पीकरवर, कारण हातात माझी बाही होती.

"आई, एक विनंती होती. पितृपक्षातच सही करावी लागणार आहे. तुम्हाला वाईट वाटेल, पण..."

"मला कशाला वाईट वाटेल?" जयंतीकाकू म्हणाल्या. "अगं, हा फ्लॅट आम्ही सर्वपित्रीलाच घेतला. हे म्हणाले, पितरांना आनंदच होईल. अंबरीश होता की, त्यानेच पेढे वाटले. त्याने सांगितलं नाही का?"

अंबरीश दारात उभा होता. मला तिथून निघून जायचं होतं, पण अंगात टाचण्या घेऊन जाणार कुठे?

उत्तराने फोन ठेवला. "मग नको कोणाला होतं?"

अंबरीश दारातून आत आला. मग म्हणाला, "मला." आणि एकदा तोंड उघडल्यावर थांबेना. "मंगळवारी एका गावात, गुरुवारी दुसऱ्या. तू कुठे असतेस मला माहीत नसतं. गाडी शेडमध्ये होती तोवर वाटायचं, हे संपेल कधीतरी. दारात आली की कायमची झाली."

"संपेल?" उत्तरा म्हणाली. माझ्या पाठीतली टाचणी तिने काढली.  "नको असेल तर नको म्हण, अंबरीश. उद्या तूच दलालाला फोन कर आणि सांग की माझ्या बायकोचा धंदा मला दारात नको. पितरांच्या नावावर खपवू नकोस."

दलालाने पाठवलेल्या करारावर तिने स्वतःची सही त्याच क्षणी मोबाइलवर केली आणि मोबाइल टेबलावर उलटा ठेवला.

दुसऱ्या दिवशी बाराच्या आत अंबरीशची सही झाली. मी देवापुढे साखर ठेवली, पण उत्तराने मला तिथेच थांबवलं. सही झाल्यावरही इथे घेणाऱ्याला तीन दिवस विचाराला मिळतात. दोघांपैकी कोणीही कारण न देता माघार घेऊ शकतो. एक ईमेल पुरते.

"मग घरीच राहा," मी म्हटलं. "लक्ष ठेव त्याच्यावर."

"पहारा ठेवून मिळालेलं घर मला नको," ती म्हणाली आणि मंगळवारी नेहमीसारखी बाजाराला गेली. मुदतीचा तो शेवटचा दिवस. मीही सोबत गेले, कारण माझाच जीव थाऱ्यावर नव्हता. ती दिवसभर एकदाही मोबाइलकडे बघेना. दोनदा सुई बोटात घुसली.

चारच्या सुमाराला गाडीपुढच्या रांगेत मला अंबरीश दिसला. अडीच वर्षांत तो पहिल्यांदाच बाजारात आला होता. हातात ऑफिसची पँट, कंबरेत उसवलेली.

"मी काही पाठवलं नाही," तो रांगेतूनच म्हणाला. "पाठवणारही नाही."

उत्तराने त्याच्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण पायाखालचं यंत्र थांबलं नाही.

"तुझ्या आधी दोघी आहेत," ती म्हणाली.

तो त्या दोघींच्या मागे उभा राहिला.