डाग न ठेवणारी पट्टी

भाड्याचं घर सोडताना मी दिवंगत आईचा फोटो भिंतीवरून उतरवला, तशी मागे दडलेली पाल सरसर छताकडे पळाली. खिळा ठोकायचा नाही ही मालकीणबाईंची अट, म्हणून तीन वर्षं तो फोटो चिकटपट्टीवर होता. पालीच्या पायांवरून शास्त्रज्ञांना सुचलेली पट्टी. घट्ट धरते, ओढली की डाग न ठेवता सुटते, धुतली की पुन्हा चिकटते.

मालकीणबाईंनी भिंतीवरून हात फिरवला. "इथे कुणी राहिलं होतं असं वाटतसुद्धा नाही," त्या कौतुकाने म्हणाल्या, आणि माझं डोकं फिरलं.

पालीला पावलोपावली सुटावंच लागतं, नाहीतर ती चालणार कशी? पण माणसानेही तसंच राहायचं? दर अकरा महिन्यांनी करार करायचा, आणि जाताना ओरखडासुद्धा मागे ठेवायचा नाही? या भिंतीसमोर मी रोज हात जोडले, कधी रडलोही. तिला त्याचं काहीच नाही.

एवढ्यात फोटोच्या जागेखाली त्यांना एक काळा ठिपका दिसला.

"हा डाग कसला?" त्यांचा आवाज चढला.

"पालीने घाण केलीय."

"मग असू दे," त्या म्हणाल्या. "ती काय, इथलीच आहे."