आजमावून पाहणारी नंदा

नंदाच्या नवऱ्याचा, सुधाकरभाऊंचा फोन आला तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी पोचले होते. "नंदा गेली, ताई," एवढंच ते बोलले. ही बातमी येणार हे ठाऊक होतं, तरी हातातली पिशवी कुठे ठेवावी ते मला कळेना...

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेत आमची घरं समोरासमोर. नंदाला स्वतःचं दुकान हवं होतं, पण घाई नव्हती. आधी थोडं करायचं, लोकांपुढे मांडायचं आणि गप्प बसून बघायचं, ही तिची रीत. पहिल्यांदा अंबाडीच्या फुलांचं सरबत केलं. आष्टीच्या आठवडी बाजारात आम्ही दोघी थर्मास घेऊन बसलो. चाखायला दिलं की जो तो वा वा करी. मी हरखून गेले. ती म्हणाली, "वाहवा फुकट असते व. पुढच्या बाजारी कोण मांगते, थे पाहू." पुढच्या बाजारी कुणीच मागितलं नाही. परतताना बसमध्ये ती खिडकीकडे तोंड करून रडली, आणि घरी आल्यावर उरलेलं सरबत शेजारी वाटून मोकळी झाली.

मग सांबारवडी. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात. त्याचं तिखट सारण भरून तळलेली ही वडी नंदाच्या हातची खावी. जाम गावच्या चौफुलीवर एका चहावाल्यानं टपरीशेजारी टेबल टाकू दिलं. इथं मात्र माणसं परत आली. नागपूरकडे जाणारे ट्रकवाले वडीसाठी थांबू लागले. सुधाकरभाऊंना धीर निघेना. "आता काऊन थांबून राह्यली? गाळा घेऊन टाकू."

"हिवाळ्यात सांबार भरपूर असते. उन्हाळ्यात कसं जमते, पावसात लोकं थांबतेत का, थे बी पाहू द्या."

वर्षभर ती पाहत राहिली. उन्हाळ्यातही वड्या संपल्या, पावसातही. दिवाळीनंतर तिनं होकार दिला. गाळा बघायला जायचं ठरलं, आणि त्याच आठवड्यात पोटदुखीच्या तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सुधाकरभाऊंना बाजूला बोलावलं, तेव्हाच ती काय ते समजली.

दवाखान्यात मी शेवटची भेटले तेव्हा तिचा आवाज अगदी खोल गेला होता. "गाळा घेऊ नका म्हणून सांग याइले. मी नाई त वड्या कोण करीन?" मी मान हलवली. थोड्या वेळानं डोळे मिटूनच म्हणाली, "मरायचं बी थोडं करून पाहता आलं असतं, त बरं झालं असतं..." मला हसू आलं नाही. तिलाही नाही.

"थांबली नसती त वर्षभर तरी आपल्या दुकानात बसली असती, ताई," असं आता सुधाकरभाऊ म्हणतात. तिचं काही चुकलं नव्हतं. तिनं विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर खरं आलं होतं. म्हणूनच समजूत घालायला काही हाती लागत नाही.

त्यांच्या फ्रिजमध्ये तिनं शेवटी कुटलेल्या मसाल्याची बरणी आहे. ती त्यांना वापरवत नाही आणि टाकवत नाही. परवा गेले तेव्हा त्यांनी झाकण उघडून बरणी माझ्यापुढे धरली.

"अजून येते ना वास?"

"येते," मी म्हटलं.

येत नव्हता.