ज्याची फाइल त्याला विचारा

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडलेले होते, त्यामुळे कुणाचीही फाइल कुणालाही उचलता यायची. लॅब सांभाळणारे भाऊ मात्र हातात फ्लॉपी दिसली की हळूच म्हणायचे, "ज्यानी फाइल शे, त्याले इचारं का?" त्यांचा आवाज कधी चढला नाही.

आमचा एक वर्गमित्र अपघातात गेला. त्याचा प्रोग्रॅम स्वतःच्या नावावर छापायला एक सर फ्लॉपी घेऊन आले.

"त्याला विचारलं का, सर?"

"अहो, तो वारला ना."

"थांबा, विचारतो." भाऊ त्याच्या रिकाम्या खुर्चीपाशी वाकले आणि बराच वेळ ऐकत राहिले. "नको म्हणतो, सर."

सर फ्लॉपी खिशात टाकून निघून गेले.

भाऊंनी खुर्ची पुन्हा कॉम्प्युटरसमोर सरकवली. "बस रे पोरा," ते म्हणाले, "सर गयात."