थोरल्याचं लिव्हर

दोघा भावांच्या केशकर्तनालयात खुर्च्या दोन: एक थोरल्याची, एक धाकट्याची. थोरला लिव्हर खराब होऊन गेला, आणि लिव्हर म्हटलं की लोकांना एकच सुचतं, दारू. ‘घेत नाही रे,’ असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. ऐकतो कोण! धाकट्यानेही ऐकलं नाही.

काही वर्षांनी धाकट्याचा हात थरथरू लागला. नाचता येईना अंगण वाकडं, तसा त्याने आधी वस्तरा बदलला, मग आरशावरचा दिवा. गिऱ्हाइकं मात्र दाढीला नको म्हणू लागली. “थोरल्याच्याच वळणावर चाललास,” एक जण गळ्याला फडकं बांधलेलं असतानाच म्हणाला. थेंबही न चाखलेल्या धाकट्याला रडू आलं.

नजर कमी झाली असेल, म्हणून तो डोळे तपासायला गेला. डॉक्टरीणबाईंना बुबुळाच्या कडेने तपकिरी कडं दिसलं. जन्म आरशासमोर गेला, पण त्यात बघितले ते दुसऱ्यांचेच चेहरे!

त्यांनी त्याला लिव्हरच्या डॉक्टरांकडे धाडलं. रक्त, लघवी, सगळं तपासून झालं.

“जेवणातून थोडं तांबं सगळ्यांच्याच पोटात जातं,” डॉक्टर म्हणाले. “जास्तीचं लिव्हर बाहेर टाकतं. तुमचं टाकत नाही. ते तिथेच साठतं, मग मेंदूत जातं, म्हणून हात थरथरतो; डोळ्यांत जातं, ते हे कडं. आई आणि वडील दोघांकडूनही दोष आला, तरच हा आजार होतो. ते स्वतः ठणठणीत असतात. गोळ्या जन्मभर घ्यायच्या, हात हळूहळू सावरेल. भावंडं?”

“दादा होता. लिव्हरनेच गेला.”

“मग बहुधा त्यांनाही हेच असणार. त्यांच्या मुलांना तपासून घ्या.”

धाकटा तडक वहिनीकडे गेला. ती मशीनवर शिवत होती.

“वहिनी, दादा पीत नव्हता गं.” त्याने सगळं सांगितलं.

मशीन थांबलं.

“घरी आले की रोज मी त्यांचं तोंड हुंगायचे,” ती म्हणाली. “कधी वास आला नाही. मला वाटायचं, वेलची चघळून येतात.”

“पोरीला उद्या तपासायला नेऊ.”

“नेऊ.” तिने डोळे पुसले आणि आत हाक मारली, “बाळ, जरा बाहेर ये. तुझे बाबा पीत नव्हते.”