अर्धा क्लच

आमच्या शेजारच्या खोलीतले काका लूमवर फिटर होते. मागांच्या खडखडाटात जन्म गेल्यामुळे ते साधी चौकशीही ओरडूनच करायचे. ऐकायलाही कमी यायचं, म्हणून कुणाची मोटरसायकल तपासायची तर इंजिनावर तळहात ठेवून डोळे मिटायचे.

माझी गाडी पडघ्याच्या चढावर नुसतीच रेस व्हायला लागली, ओढेना. रविवारी काकांनी ओट्यावर गोणपाट पसरून क्लच उघडला. प्लेटा झिजून काळ्या पडल्या होत्या. त्यातली एक बोटांत फिरवत ते ओरडले, "अर्धा क्लच दाबूनच चालवतोस काय रं? मागं कोन बसतं?"

"आई. तिच्या कंबरेला झटका सोसत नाही."

आता बोलणी बसणार, असं मला वाटलं. पण तेलात भिजवून ठेवलेल्या नव्या प्लेटा त्यांनी बसवल्या, केबल ताणली आणि म्हणाले, "चल, राहनाळला जाऊन येऊ."

मागे बसले ते दोन्ही पाय एका बाजूला सोडून, माझ्या खांद्यावर हात ठेवून, अगदी आई बसते तसे. एवढा मिशीवाला माणूस; गल्लीतली सगळी हसली. त्यांना त्याचं काही नव्हतं. गाडी निघताना जरा हिसका बसला की उतरायचे, केबल किंचित फिरवायचे आणि पुन्हा तसेच बसायचे.

परत आलो तेव्हा आई दारातच उभी होती. स्वतःची कंबर चोळत काका उतरले आणि सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं ओरडले, "वैनी, बसा आता बिनघोर. मी बसून बघितलंय."