तीन इंचांची जागा

प्रश्न विचारण्याचा मक्ता जगात कुणा एकाकडे असेल, तर तो माझ्या बायकोच्या मामांकडे आहे. कात्रजच्या सर्पोद्यानात नेलं, तर सुट्टीच्या दिवशी बघायला कुणी आलं नाही की सापांना करमतं का, असं त्यांनी रखवालदाराला विचारलं. तो हसला, तर "अहो, तुम्ही रोज इथं असता म्हणून विचारलं," असं वर सुनावलं. खडकवासल्याचं पाणी आपल्या नळाला येतं तेव्हा ते किती दिवसांचं शिळं असतं, हे त्यांनी प्लंबरला इतक्यांदा विचारलंय, की तो आता मामा बाहेर गेल्याची खात्री करूनच नळ दुरुस्तीला येतो.

अशा माणसाच्या हाती त्र्याहत्तराव्या वर्षी कुळवृत्तांताची नवी आवृत्ती टाइप करण्याचं काम आलं. जुन्या आवृत्तीची रीत अशी, की मुलाच्या नावाखाली त्याची मुलं-नातवंडं, आणि मुलीच्या नावाखाली काही नाही. मामांची थोरली बहीण म्हणजे आक्का. आई गेल्यावर त्यांनीच मामांना वाढवलं. त्यांना चार मुलं, नऊ नातवंडं, आणि पुस्तकात त्यांच्या नावाखाली कोरा कागद. आक्कांना शहाऐंशी पूर्ण झाली होती. त्या असेतोवर त्यांची शाखा छापून यावी, एवढंच मामांच्या मनात होतं. त्यांनी विषय काढला, तेव्हा कुळवृत्तांत समितीचे अध्यक्ष, म्हणजे कसबा पेठेतले त्यांचेच चुलतभाऊ, मान वर न करता म्हणाले, "पानावर जागा कुठाय?" दुसरा कुणी रुसून घरी गेला असता. मामांनी विचारलं, "किती इंच कमी पडते?" आणि तिथंच पट्टी लावून मोजलं. तीन इंच कमी पडत होती.

पान आडवं केलं तर तेवढी जागा मिळते, हेही पट्टीनेच सांगितलं. पण मामांनी कॉम्प्युटरवर लँडस्केप, म्हणजे आडव्या पानाचं बटण, दाबलं मात्र, तीनशेच्या तीनशे पानं आडवी झाली. सकाळी सातला मला फोन. "जावईबापू, एकाला वळवायला गेलो तर सगळे वळले. आमच्या कुळात असं कधी घडलेलं नाही." मी जाऊन दाखवलं, की त्या पानाच्या आधी एक सेक्शन ब्रेक, म्हणजे भाग वेगळे करणारी खूण, घालायचा आणि नंतर एक, म्हणजे मधल्या पानाने काहीही केलं तरी बाकीच्यांना धक्का लागत नाही. एवढ्यावर कुणाचंही भागलं असतं. मामांनी मुद्दाम शेवटचा ब्रेक पुसून पाहिला. आडवं पान पुन्हा उभं झालं. त्या पानाचा आडवेपणा पानात नसून त्याच्या शेवटच्या ब्रेकमध्ये साठवलेला असतो, हा शोध त्यांनी सोसायटीत दारोदार जाऊन सांगितला. वॉचमनलाही सोडलं नाही. घाल, पूस, पुन्हा घाल, असे पंधरा दिवस गेले. आक्कांनी अंथरूण धरल्याचं कळलं, तेव्हा कुठे खेळ थांबला आणि त्या पानाची प्रत निघाली.

बैठकीत अध्यक्षांनी ती आधी उभी धरली, मग आडवी. वाचणाऱ्याला पुस्तक फिरवावं लागेल, अशी हरकत त्यांनी काढली. "फिरवेल की," मामा म्हणाले. "मनगट आहे प्रत्येकाला." जागेची सबब संपली होती आणि दुसरी कुणाला चटकन सुचली नाही, त्यामुळे पान राहिलं.

पुस्तक हाती आलं त्याच दिवशी मामा मला घेऊन कात्रजला आक्कांच्या घरी गेले. त्या उशीला टेकून बसल्या होत्या, पार वाळल्या होत्या. मामांनी ते पान उघडून पुढे धरलं. आक्कांचं बोट स्वतःच्या नावावरून निघालं, चारी मुलांवरून फिरलं आणि एकेका नातवंडापाशी थांबत पानाच्या कडेपर्यंत गेलं.

"म्हणजे माझ्या पोरांना माझ्या माहेरी घेतलंस होय रे?" त्यांनी विचारलं.

मामा नुसतेच मान हलवत राहिले. आक्का पुन्हा पहिल्या नावापासून वाचू लागल्या. त्यांना ते पेलत नव्हतं, म्हणून पुस्तक मामांनीच आडवं धरून ठेवलं.