जपानी जनरल आणि जबल अलीची यादी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण — जाऊ दे, कारण शोधत बसलो तर पुन्हा राहून जाईल.

मला एका जपानी जनरलचं वेड होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या सीमेवर त्याची फौज डोंगरात अडकली. तांदूळ संपला, गोळ्या संपत आल्या. वरून हुकूम एकच — मागे हटायचं नाही. जन्मभर हुकूम पाळून जनरल झालेला माणूस, त्यानं तो हुकूम मोडला आणि उरलेली माणसं परत आणली. पद गेलं, अब्रू गेली. वेडा ठरवलं त्याला. केवढी छाती लागत असेल! आजही अंगावर काटा येतो.

आखातात नोकरीला होतो तेव्हा, एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, रोल्ला भागातल्या मित्राच्या घरी जमलेल्या मंडळींपुढे मी त्याच्यावर बोललो. सतरंजीवर अगदी पुढे इकबालभाई बसले होते — जबल अली बंदरातल्या आमच्या कंपनीच्या वेअरहाऊसचे सुपरवायझर, रत्नागिरीकडचे, माझ्याहून वयानं मोठे. त्यांचे डोळे भरून आले. मला काय भारी वाटलं म्हणून सांगू!

मग २००८ची मंदी आली. वरून निरोप — चाळीस माणसं कमी करा. वरून आला तो फक्त आकडा. नावं... नावं मी घातली. एकोणचाळीस झाली. चाळिसावं कुणाचं? मॅनेजर आणि सुपरवायझर, दोन-दोन कशाला, असं वर बोललं जात होतं. मॅनेजर मी होतो. मी इकबालभाईंचं नाव टाईप केलं.

आणि एवढ्यावर थांबलो का? यादी त्यांच्याच हातात दिली. म्हटलं, तुम्हीच वाचा, पोरं तुमचं ऐकतात.

मी गाडीत बसून राहिलो. एसी चालू, काच दोन बोटं खाली. ते नाव घेत, तो माणूस "हाजिर" म्हणे. शेवटच्या नावाशी ते अडखळले. मग त्याच आवाजात स्वतःचं नाव वडिलांच्या नावासकट वाचलं आणि स्वतःच म्हणाले, "हाजिर."

इतकी वर्षं पुस्तकांत वाचलेली छाती मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिली. मी दिपून गेलो होतो — आणि तरी गाडीतून उतरलो नाही.

तेच गाडीपाशी आले. "साहेब, मनाला लावून घेऊ नका. वरचा हुकूम, तुम्ही तरी काय करणार? खलास."

मी म्हणालो, "हो ना, इकबालभाई. वरचा हुकूम."